धाव : लोखंडी पट्टीपासून ड्रॅग रेडियलपर्यंत

मराठीत 'धाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे, पळण्याचा. दुसरा आता हळूहळू विसरला जातो आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बाहेरून जी लोखंडी पट्टी चढवतात, तिलाही धावच म्हणतात. चाक फिरते ते आसाभोवती, पण जमिनीला भिडते आणि झिजते ती धाव. इंग्रजीतला 'टायर' हा शब्द 'अटायर' म्हणजे पेहराव या शब्दापासून आला, असे शब्दांचा माग काढणारे सांगतात. इंग्रजांना ते चाकाचे कपडे वाटले, आपल्या माणसांना ती चाकाची धाव वाटली. मी कवी माणूस. घरात 'पहिया' म्हणत आणि शाळेत 'चाक' म्हणत वाढलो. इंजिनात माझी फारशी गती नाही; पण एकाच शब्दात पळणे आणि पळण्याचे साधन दोन्ही मावलेले पाहिले की त्या शब्दाच्या मागे जावेसे वाटते. आजचे बोलणे त्या पाठलागातून आलेले आहे.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांनी धाव बसवताना पाहिलेली असते. लोखंडी कडे चाकापेक्षा किंचित लहान मापाचे करतात. भोवती गोवऱ्या रचून ते तापवतात. तापले की लोखंड फुगते. मग चार जण चिमट्यांनी ते उचलून चाकावर बसवतात, घणाचे ठोके घालतात आणि लगेच पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते आणि लाकडाचा प्रत्येक सांधा आवळून धरते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल व्हायची. मग शेतकरी चाके काढून नाल्यात, डोहात भिजत ठेवायचे. म्हणजे जमिनीला भिडणाऱ्या त्या पट्टीवर उष्णतेचा काय परिणाम होतो, याचे ज्ञान आपल्याकडे कोणत्याही कारखान्याच्या आधीपासून होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

याच धावांवर चालत वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारात यायचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाईसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. आगगाडीच्या चाकालाही लोखंडी धावच असते, फक्त तिचा रस्ताही लोखंडाचा. पण शेतापासून बाजारापर्यंतचे ओझे शेवटी बैलगाडीच्याच चाकावर होते. पावसाळ्यात काळ्या मातीत ही अरुंद धाव रुतायची आणि बैलांचे खांदे सोलायचे. माती आणि चाक यांची पकड कशी असावी, हा प्रश्न आपल्या भागात असा जुना आहे.

ओझ्याच्या गाडीत हा प्रश्न पोटाचा होता. शर्यतीत तो इभ्रतीचा झाला. विदर्भात शंकरपट हा शब्द उच्चारला तरी जुन्या माणसांचे डोळे चमकतात. संक्रांतीच्या आगेमागे, हंगाम उरकला की सरळ पट्टी आखायची, हलका छकडा जुंपायचा आणि जोडी सोडायची. वळण नाही, अडथळा नाही. सरळ पळायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. अलीकडे तर सेकंदाचे बारीक तुकडे मोजणारी विजेची घड्याळे आली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बैलाच्या जिवाचा विचार करून घातलेल्या अटी त्यात आहेत आणि त्या असायलाच हव्यात.

शंकरपटाची आठवण काढण्याचे कारण असे की, सातासमुद्रापलीकडे मोटारींचा नेमका असाच पट भरतो. तिकडे त्याला ड्रॅग रेसिंग म्हणतात. सरळ पट्टी, दोन गाड्या, अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दिवा हिरवा झाला की सुटायचे. या खेळातून एक विशेष टायर जन्माला आला, त्याचे नाव ड्रॅग रेडियल. माझा एक भाचा मोटारींचा शौकीन आहे. जुनी मोटार घेऊन तिच्या इंजिनाची ताकद वाढवण्याचा नाद त्याला लागला आहे. 'मामू, ड्रॅग रेडियल कोणता घेऊ?' असे त्याने मला विचारले. कवीला विचारण्यासारखा हा प्रश्न नव्हे. पण त्याचे उत्तर शोधताना पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला.

रबराचा चीक उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत तडकतो. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवले, तेव्हा उष्णतेतही टिकणारे, लवचिक रबर मिळाले. १८४४ मध्ये त्याचे पेटंट झाले. गुडइयर स्वतः १८६० मध्ये कर्जात बुडून वारले. त्यांच्या नावाची प्रसिद्ध कंपनी १८९८ ची, तिचा त्यांच्या घराण्याशी संबंध नाही. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण त्या काळी ना सायकल होती, ना मोटार. कल्पना वेळेआधी आली आणि पडून राहिली. पुढे बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवले. थॉमसनचे जुने पेटंट पुढे आल्यामुळे डनलॉपचे नंतर रद्द ठरले, पण नाव डनलॉपचेच राहिले. १८९५ च्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतीत मिशलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार पळवली. वाटेत पंक्चर काढता काढता त्यांचा जीव मेटाकुटीला आला, पण हवेवर मोटार धावू शकते हे जगाने पाहिले.

सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे होते. १९१० च्या दशकात रबरात काजळी मिसळायला सुरुवात झाली, तेव्हा टायर काळा झाला आणि त्याचे आयुष्य कितीतरी वाढले. आपल्या देशात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळी नदीकाठी साहागंजला सुरू झाला. बैलगाडीला रबरी चाके लागली तेव्हा कित्येक भागांत त्या गाडीलाच लोक 'डनलॉप' म्हणू लागले. मद्रासमध्ये मम्मेन मापिल्लै यांनी १९४६ मध्ये मुलांचे फुगे बनवण्यापासून सुरुवात केली, त्यातून एमआरएफ उभी राहिली. इटलीतल्या तोरिनो शहरातल्या, विजेच्या तारा बनवणाऱ्या कंपनीचे नाव घेऊन सिएट १९५८ मध्ये भारतात स्थापन झाली आणि मुंबईत भांडुपला तिचा कारखाना निघाला. फुगे आणि तारा यांच्यापासून आपले टायर निघाले, हे मला फार गमतीचे वाटते.

टायरच्या पोटात धागे असतात. जुन्या पद्धतीत हे धागे तिरपे, एकमेकांवर आडवे-उभे विणलेले असत, खाटेच्या नवारीसारखे. आपल्याकडचे ट्रकवाले त्याला 'नायलॉन' म्हणतात. फ्रान्सच्या मिशलिन कंपनीने १९४६ मध्ये वेगळ्या बांधणीचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये ते टायर बाजारात आणले. यात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ, चाकाच्या आऱ्यांसारखे जातात आणि वरून पोलादी तारांचा पट्टा बसतो. हा रेडियल. आऱ्यांवर धाव बसवलेले आपले जुने चाक आठवा. बांधणीचे चित्र जवळपास तेच आहे. जुन्या टायरमध्ये बाजूची भिंत आणि तळवा एकत्र मुरडत. रेडियलमध्ये भिंत लवते, पण तळवा जमिनीवर सपाट राहतो. त्यामुळे पकड चांगली, तापणे कमी आणि आयुष्य जास्त. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये मोटारीसाठी रेडियल आणला. ट्रकवाले मात्र आणखी कित्येक वर्षे नायलॉनच्या भरवशावर राहिले. जादा ओझे, खराब रस्ते आणि स्वस्तात रबर चढवून घेण्याची सोय ही त्याची कारणे.

नवी गोष्ट घाईने केली की काय होते, तेही याच इतिहासात आहे. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीच्या 'फायरस्टोन ५००' या रेडियल टायरचा तळवा वेगात असताना पोटापासून सुटू लागला. अपघात झाले, माणसे मेली. ग्राहक हवा कमी ठेवतात, असे कंपनी सांगत राहिली. शेवटी १९७८ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख टायर परत मागवावे लागले. हवा कमी असली की टायर तापतो हे खरेच होते. पण ग्राहकाकडे बोट दाखवून बनवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हेही तितकेच खरे ठरले. टायर फुटला की दोष कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून अधिकच टोकदार झाला.

आता मोटारींच्या पटाकडे वळू. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कॅलिफोर्नियात घरी परतलेल्या तरुणांच्या हातात हुन्नर होते, स्वस्त जुन्या मोटारी होत्या आणि अंगात रग होती. ते रात्री रस्त्यांवर शर्यती लावत आणि मरत, मारत. हा खेळ रस्त्यावरून उचलून विमानांच्या मोकळ्या धावपट्टीवर नेण्याचे प्रयत्न झाले. १९५० मध्ये सांता आना येथील धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संघटना काढली. रस्त्यावर मरणाऱ्या मुलांना पट्टीवर आणणे हा त्या चळवळीचा एक मुख्य हेतू होता. ड्रॅग रेसिंगचा उगम असा आहे. आजच्या शौकिनांना हे सहसा कोणी सांगत नाही.

त्या पट्टीवर एक गोष्ट लवकर लक्षात आली. इंजिनाची ताकद कितीही वाढवा, ती जमिनीवर उतरते टायरच्या तळव्यातून, आणि एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग असतो साधारण हाताच्या पंजाएवढा. पकड सुटली की चाक जागच्या जागी गरगरते, धूर निघतो, गाडी तिथेच. म्हणून मुलांनी टायरवरच्या खाचा नकोशा केल्या. कोरड्या पट्टीवर खाच म्हणजे वाया गेलेली जागा. त्यांनी जुन्या टायरवर नक्षीविना रबर चढवून घेतले. १९५० च्या दशकात खास शर्यतीसाठी मऊ रबराचे गुळगुळीत टायर बनू लागले. गंमत पाहा, आपल्याकडे 'गोटा टायर' हे गरिबीचे किंवा बेफिकिरीचे लक्षण. तिकडे गोटा ही चैनीची वस्तू झाली. रस्त्यावर गुळगुळीत टायर चालत नसे, म्हणून काहींनी त्यात नावापुरत्या दोन-तीन खाचा पाडल्या. त्यांना तिकडे 'चीटर स्लिक' म्हणत, म्हणजे कायद्याला चकवणारा गोटा.

ड्रॅग रेडियल हा त्याच चीटर स्लिकचा नातू आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो बाजारात आला. आणण्यात बीएफगुडरिच ही कंपनी आघाडीवर होती, मागोमाग मिकी थॉम्पसन, निट्टो यांसारखी नावे आली. मिकी थॉम्पसन हे माणसाचे नाव आहे. १९६० मध्ये मिठाच्या वाळवंटात ताशी ४०० मैलांपलीकडे गाडी नेणारा हा अमेरिकन, त्याने पुढे १९६३ मध्ये टायरचा व्यवसाय सुरू केला. ड्रॅग रेडियलची कल्पना अशी : बांधणी रेडियल, रबर अत्यंत मऊ, खाचा अगदी मोजक्या. अमेरिकेच्या नियमांपुरता तो रस्त्यावर चालवता येतो आणि त्याच टायरवर पट्टीवर पळता येते. एका टायरमध्ये दोन कामे. कोणत्याही दोन कामांच्या वस्तूप्रमाणे यातही दोन्हीकडे थोडे थोडे सोडावे लागते. निवड करायची म्हणजे काय सोडायला आपण तयार आहोत, हे ठरवायचे.

पहिला प्रश्न वापराचा. शंभर दिवसांत किती दिवस गाडी पट्टीवर जाणार आणि किती दिवस रस्त्यावर? मऊ रबर पकड देते, पण साबणाच्या वडीसारखे झिजते. साधा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातो, हा काही हजारांत संपतो. दुसरे, पाऊस. टायरवरच्या खाचा पाणी बाहेर ढकलण्यासाठी असतात. त्या नसल्या की वेगात चाक पाण्यावर तरंगते आणि मग सुकाणू हातात असून नसल्यासारखे होते. राजूर घाटात जुलै महिन्यात असला टायर लावून उतरणे म्हणजे शेवाळावरून अनवाणी पळणे. आपल्याकडे वर्षाचे चार महिने पावसाचे. तेव्हा चार महिने हा टायर घरातच, असे मानूनच हिशेब करावा.

दुसरा प्रश्न बांधणीचा. जुन्या तिरप्या धाग्यांच्या स्लिकची भिंत सुटताना मुरडते, हिसका पोटात घेते आणि मग सोडते. क्लच सोडून हिसक्याने निघणाऱ्या गाडीला ती बांधणी अधिक मानवते. रेडियलची भिंत ताठ, तो हिसका कमी गिळतो. एकदा पकड सुटली की सहज परत देत नाही. म्हणून त्याला ताकद हळूहळू, मोजून द्यावी लागते. स्वयंचलित गिअरची गाडी त्याला अधिक मानवते. बदल्यात रेडियल शेवटच्या टप्प्यात, जेव्हा वेग वाढलेला असतो, तेव्हा गाडी सरळ आणि स्थिर ठेवतो, रेटाही कमी लागतो. रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीसाठी रेडियलच बरा, असे जाणकार म्हणतात ते यामुळे. मात्र एका आसावर रेडियल आणि दुसऱ्यावर नायलॉन, अशी भेसळ करू नये. वळणावर दोघांचा स्वभाव वेगळा निघतो आणि गाडी मध्येच फाटल्यासारखी वागते.

तिसरा प्रश्न मापाचा. टायरच्या अंगावर '२७५/६०आर१५' असे काही लिहिलेले असते. २७५ मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ इंचांची रिम. हा हिशेब केला तर टायरची पूर्ण उंची सुमारे ७११ मिलिमीटर येते. रुंद टायर अरुंद रिमवर ताणून बसवला तर तळवा मधोमध फुगतो आणि पकड वाढण्याऐवजी घटते. उंची बदलली की गिअरचे गणित बदलते आणि वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो. भिंत उंच हवी म्हणून रिम लहान करावी, तर ब्रेक त्यात बसतील का तेही पाहावे लागते. ताकद वाढवलेल्या गाडीचे ब्रेक लहान करणे यासारखा उलटा व्यवहार दुसरा नाही.

आणि टायर लावायचा कोणत्या चाकांना? ज्या चाकांना इंजिन फिरवते त्यांना. अमेरिकेच्या जुन्या जड मोटारींची मागची चाके ओढायची. गाडी सुटताना वजन मागे जायचे आणि मागचे टायर जमिनीत दाबले जायचे. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके ओढतात. सुटताना वजन मागे जाते, म्हणजे ओढणारी पुढची चाके हलकी होतात. त्यातच सुकाणूही पुढे. तेव्हा अमेरिकेतल्या मासिकात वाचलेला सल्ला चिखली किंवा मलकापूरच्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही. निंबाच्या झाडाला आंब्याचे खत घालून आंबे येत नाहीत, तसेच हे.

चौथा प्रश्न हवेचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. पट्टीवर ड्रॅग रेडियलमधली हवा कमी करतात, साधारण १५ ते २० पीएसआयपर्यंत, म्हणजे तळवा पसरतो आणि पकड वाढते. सुटण्याआधी चाक जागेवर थोडे फिरवून रबर गरम करतात. तिथे पट्टीवर चिकट द्रावणही शिंपडलेले असते. हे सारे दहा-बारा सेकंदांच्या धावेसाठी. तीच कमी हवा ठेवून कोणी महामार्गावरून घरी निघाला, तर टायरची भिंत मिनिटाला शेकडो वेळा दुमडते आणि उलगडते, आतून तापते, धागे सुटू लागतात. मघाशी सांगितलेली फायरस्टोनची गोष्ट हीच. धाव तापली की आकार बदलते हे आपल्या लोहाराला माहीत होते. रबराचेही तेच आहे, फक्त तिथे वाफेचा लोट दिसत नाही. शर्यत संपली की हवा पूर्ववत भरून घ्यायची, त्याहून चांगले म्हणजे शर्यतीची चाके वेगळ्या रिमवर ठेवून डिकीत न्यायची आणि पट्टीवरच बदलायची.

टायरच्या अंगावर चार आकडे असतात, तेही वाचावेत. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मऊ रबर कपाटात पडून पडूनही कडक होते, तेव्हा स्वस्तात मिळालेला जुना साठा शेवटी महागात पडतो. शेजारी ओझ्याचा आणि वेगाचा निर्देशांक असतो, तो गाडीच्या वजनाला आणि वेगाला पुरणारा हवा. भारतात टायरवर आयएसआय चिन्ह लागते, त्यासाठी २००९ चा आदेश आहे. जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधनही आले. अमेरिकेत रस्त्यावर चालतो म्हणून तो इथेही चालतो, असे समजू नये. मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोलीची खाच हवी, असा आपला नियम आहे. मऊ ड्रॅग रेडियल या रेषेपाशी फार लवकर येऊन पोचतो.

आता खरा प्रश्न. हे सगळे करून पळायचे कुठे? महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही मोटारींची सरळ शर्यत भरत आली आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर तर कित्येक दशके शर्यती झाल्या. बुलडाण्याहून आंबी व्हॅली चारशे किलोमीटरहून दूर आहे. पण आमच्या दारातून एक दुसरीच पट्टी गेली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. पूर्ण लांबी ७०१ किलोमीटर. तो आपल्या मेहकर, सिंदखेडराजाच्या बाजूने जातो. सरळ, रुंद, सिमेंटचा, मोकळा. ज्याच्या पायाखाली चारशे घोड्यांची ताकद आहे, त्याला तो रस्ता बोलावतो, यात नवल नाही. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. पाव मैल बारा सेकंदांत कापणारी गाडी शेवटच्या रेषेवर ताशी १८० च्या आसपास असते. वेग दीडपट झाला की थांबायला सव्वादोनपट अंतर लागते. कोणत्याही टायरने हे गणित बदलत नाही.

१ जुलै २०२३ ची पहाट जिल्हा विसरलेला नाही. सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास उलटली आणि पेटली. २५ माणसे जळून गेली. टायर फुटला, असे चालकाने सांगितले आणि सकाळपर्यंत ते सगळीकडे पसरले. नंतर अमरावतीच्या परिवहन विभागाच्या अहवालाने सांगितले की, टायर फुटल्याचा पुरावा सापडत नाही. जवळ आलेल्या मरणाला कुठलेतरी नाव द्यावे लागते. टायर मुका आहे, त्याच्यावर दोष टाकला तर तो उलटून बोलत नाही. पण त्याच वर्षी या मार्गावर शिरण्याआधी वाहनांचे टायर तपासणे आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवणे सुरू झाले, तेही योग्यच झाले. तापलेल्या सिमेंटवर, तासन्तास एकाच वेगात, कमी हवेचा झिजका टायर खरोखरच फुटतो. माणसाची झोप आणि टायरची झीज, दोन्ही तपासायला हवीत. एकीच्या आड दुसरी लपवता कामा नये.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार विनापरवाना रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडाची भीती घालून तरुण थांबत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या लोकांना हे १९५० मध्येच कळले होते. त्यांनी पोरांना नुसते दटावले नाही, त्यांना पट्टी दिली, घड्याळ दिले, नियम दिले. आपल्याकडे बैलांच्या पटाबाबत शेवटी तेच झाले. बंदी, वाद, कायदा आणि मग अटींसह मैदान. मोटारीच्या शौकिनांसाठी विदर्भात अशी पट्टी असावी, ही मागणी करण्यात काही वावगे नाही. ती मागणी करेपर्यंत मात्र समृद्धी ही आपली पट्टी नव्हे. तिथे आपल्या शेजारून झोपलेल्या लेकरांना घेऊन एखादे कुटुंब शेगावला दर्शनासाठी किंवा दवाखान्यासाठी नागपूरला निघालेले असते. त्यांनी आपल्याशी शर्यत लावलेली नसते.

भाच्याला मी एवढेच सांगितले : रोजच्या वापराला आयएसआय चिन्हाचा, गाडीच्या मापाचा, चांगल्या खाचांचा रेडियल घे आणि दर आठवड्याला थंड टायरची हवा तपास. ब्रेकवर आधी खर्च कर, इंजिनावर नंतर. पट्टीवर खरोखर जाणार असशील, तरच ड्रॅग रेडियलचा विचार कर. तो वेगळ्या रिमवर ठेव, पावसात बाहेर काढू नको आणि ताकद पायाने मोजून द्यायला शीक. हे ऐकून तो जरा हिरमुसला. त्याला एखाद्या कंपनीचे नाव हवे होते. पण त्या आठवड्यात त्याने आहेत त्या चारही टायरवरचे आकडे वाचले, तेव्हा दोन टायर आठ वर्षांचे निघाले. ते त्याने आधी बदलले. आपल्या दारातल्या गाडीचे आकडेही आज संध्याकाळी वाचून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे.